डबिंगवाल्यांचा दगा

“चांगला बी तोच अन् वाईट बी तोच? असं कसं जमन रजतभाऊ?” रौशन मेकॅनिकने हाताचं ग्रीस पुसत विचारलं.

“जमलंच नाही ना. तेच तं सांगून राह्यलो,” बाकावर उभा असलेला रजत म्हणाला.

डिसेंबरचा शेवटचा रविवार होता. केळापूरच्या फाट्यावर, शामच्या पानठेल्यापुढे, सालाबादप्रमाणे रजतचा निकाल लागत होता. रजत शेतकरी खरा, कापूस आणि तूर लावणारा, पण जीव सगळा पडद्यात. वर्षभर हाती लागेल तो सिनेमा पाहायचा आणि शेवटच्या रविवारी बाकावर चढून चांगला कोणता, वाईट कोणता ते जाहीर करायचं, हा त्याचा नेम. चांगल्याच्या नावाने त्याच्याकडून सगळ्यांना पान. गेल्या वर्षी मनगटावर घड्याळ बांधून फिरणाऱ्या भुताला त्याने असं झोडपलं होतं, की लोक संक्रांतीपर्यंत हसत होते.

यंदा तो हसवायच्या मनःस्थितीत नव्हता. गडी मनापासून दुखावला होता.

दसऱ्याच्या सुमारास तो आणि शाम पैनगंगा ओलांडून आदिलाबादला गेले होते. नवा तेलुगू सिनेमा, पहिला दिवस. रजतला तेलुगूतलं ओ की ठो कळत नाही, पण शामला जवळचं म्हणून एक मावशीच, ती आदिलाबादची. तो रजतच्या कानाशी लागून सगळं मराठीत सांगायचा. कित्येक वर्षं त्यांचं असंच चाललं होतं.

त्या सिनेमात हिरोच्या सोयरिकी जुळता जुळता मोडायच्या. मोडणारा होता त्याचाच जिवाभावाचा दोस्त. दोस्ताला घरी मागेपुढे कोणी नव्हतं. याचं लग्न झालं की आपल्यापाशी बसणार कोण, या धास्तीने तो पोरीकडच्यांचे कान भरायचा. शेवटी भर पावसात त्याने हिरोचे पाय धरले, सगळं कबूल केलं आणि हिरोने त्याला उठवून छातीशी लावलं. टाकीजमध्ये रजत लेकरासारखा रडला होता.

रडायला कारण होतं. पस्तिशी उलटली तरी त्याचं जमत नव्हतं. मुलगी पाहावी, पसंती व्हावी, पाहुण्यांनी शेत-घर बघून, फाट्यावर चौकशी करून जावं आणि मग फोनच उचलू नये. आई बेबीताई देव पाण्यात घालून बसली होती. आता नेरची सुरभी त्याच्या मनात भरली होती, तिलाही तो आवडला होता. ही मोडली तर पुन्हा कोणाच्या घरी पोहे खायला जाणार नाही, असं त्याने आईला सांगून टाकलं होतं.

“नेरवाले चौकशीले आले तं नीट सांगजो बापा,” असं तो भेटेल त्याला बजावत होता. शामला, रौशनला, पार पिठाच्या गिरणीवाल्या मोतीबाईलासुद्धा.

आणि अशा दिवसांत तोच सिनेमा हिंदीत होऊन यवतमाळला लागला. रजत आईला घेऊन गेला.

“डबिंगवाल्याइनं गळा कापला माहा,” तो आता बाकावरून म्हणाला. “सोयरिकीचा विषयच काढून टाकला. हिंदीत तो दोस्त धरणाचं गुपित विकते, अन् त्याच्यासाठी पाय धरते. मायले म्या सांगून नेलं होतं का तुले रडू येईन. माय झोपून गेली. वर्षातला सगळ्यात चांगला सिनेमा, अन् या लोकाइनं त्याचा सगळ्यात वाईट करून ठेवला.”

लोक हसले. शाम मान खाली घालून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता.

रौशन मात्र गोंधळला. लग्नाआधी तो चार-पाच वर्षं आदिलाबादच्या गॅरेजात होता.

“भाऊ, डबिंग बराबर हाये,” तो म्हणाला. “म्या तेलुगूतलाच पाह्यला, मोबाईलवर. दोस्त धरणाचंच गुपित विकते. सोयरीक-बियरीक काही नाही त्याच्यात.”

सगळ्यांच्या माना शामकडे वळल्या.

“तुले तेलुगू येते ना बे?” रजतने विचारलं.

“भाजी घ्यापुरती येते,” शाम म्हणाला.

मग जो हशा उठला तो आवरेना. कोणी शामला मुंबईला जाऊन गोष्टी विक म्हणालं, कोणी त्याच्याच हातचं पान त्याला बक्षीस द्यायला निघालं. रजतही हसला, पण उशिरा. इतकी वर्षं ज्याच्या भरवशावर सिनेमे पाहिले, त्यानेच आपल्याला वेड्यात काढलं, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. नेमाप्रमाणे त्याने सगळ्यांना पान खाऊ घातलं. रौशन गॅरेजात गेला, बाकीचे पांगले. ठेल्यावर दोघेच उरले.

“आजवरचे सारेच सिनेमे तू मनानं सांगतले?”

“सारेच.”

“एक डाव म्हणला असता का नाही समजत, तं म्या काय तुले सोडून देल्लं असतं?”

“रौशनले घेऊन गेला असता तू.”

रजतने बाकावरची माती झटकली. तो बाकावर बसला. राग होता, पण शामवर फार वेळ रागावून बसायची त्याला सवय नव्हती.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “गोष्ट चांगली होती पण. मी खरंच रडलो लेका. दरवेळी तू मारामारीच सांगते, मंग या खेपी सोयरीक कुठून सुचली तुले?”

शामने हातातली पुडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

“नेरची मंडळी परवा येऊन गेली, रजत,” तो म्हणाला. “त्याइलेच तेवढं म्या तुह्याबद्दल खरं सांगतलं.”