एल्म रिजची जागा

लुशस टार्वरनं अर्जावर सही करायला नकार दिला, तेव्हा अर्लीनला आधी वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

दोघांच्या घरांची भिंत एकच. एकतीस वर्षांचा शेजार. इतक्या वर्षांत स्टीमर्स या शहराच्या बेसबॉल संघाचा हंगामातला पहिला सामना दोघांनी एकदाही चुकवला नव्हता. एप्रिलात बर्फ पडला तरी डावीकडच्या स्वस्त बाकांवर बसायचं, एकाच पुड्यातले शेंगदाणे खायचे आणि पंचाला शिव्या घालायच्या. अर्लीनचा नवरा गेला त्या वसंतात ती घराबाहेर पडत नव्हती. लुशसनंच तिला हाताला धरून बॉलपार्कवर नेलं होतं.

आता तो संघच शहर सोडून निघाला होता. बॉलपार्क नव्वद वर्षांचं, जागोजाग गळणारं. मालकांनी साफ सांगितलं होतं: पोर्ट कॅल्डरच्या लोकांनी विक्रीकर वाढवून शहरातच नवं स्टेडियम बांधून द्यावं, नाहीतर हायवेपलीकडे एल्म रिज गावात जागा तयार आहे. नोव्हेंबरात त्यावर मतदान होतं. ‘स्टीमर्स शहरातच’ या मोहिमेची अर्लीन त्या भागातली प्रमुख होती. पाठिंब्याच्या अर्जावर सह्या घेत, गुडघे दुखत असतानाही ती दोन हजार घरांच्या पायऱ्या चढली होती.

“ते कुठेही जात नाहीत,” लुशस म्हणाला.

“तुला कुणी सांगितलं?”

त्यानं तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. “हे काम सोड, अर्लीन. एवढं ऐक माझं.”

“का, ते तरी सांग.”

त्यानं नुसती मान हलवली आणि दार लोटून घेतलं.

त्याच्या नकाराचं कारण अर्लीनला दुसऱ्या दिवशी आपसूक सुचलं. लुशसची मुलगी रेनीटा लग्नानंतर एल्म रिजला राहत होती आणि तिथल्याच नगरपालिकेत कामाला होती. स्टेडियम तिकडे झालं, तर त्या गावाची चांदी होणार. बापाचा जीव कुठे गुंतलाय हे उघडच होतं. अर्लीनला इतकं वाईट वाटलं, की त्या रविवारी तिनं त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवलेलं सूप ओतून दिलं.

ऑक्टोबरात चर्चच्या सभागृहात सभा झाली. लुशस उभा राहिला. त्यानं सव्वीस वर्षं शहराची चौदा नंबरची बस चालवली होती, त्यामुळे सगळे त्याला ओळखत. तो म्हणाला, की हे स्टेडियम शहराला झेपणार नाही, पहिली कुऱ्हाड बसगाड्यांवर पडेल. लोक गप्प होऊन ऐकू लागले. दोघेचौघे मानाही डोलवू लागले. ते पाहून अर्लीननं माइक हातात घेतला.

“याची मुलगी एल्म रिजचा पगार घेते,” ती म्हणाली. “हा कुणाच्या पंक्तीला बसलाय, ते विचारा त्याला.”

सभागृह हसलं. मागून कुणीतरी ‘फितूर’ म्हणालं. टोपी उचलून, कुणाकडे न पाहता, लुशस मधल्या वाटेनं बाहेर गेला.

मतदान अर्लीनच्या मोहिमेनं दोनशे बारा मतांनी जिंकलं. बारमध्ये लोकांनी अर्लीनला खुर्चीसकट उचललं. मालकांकडून फुलांचा गुच्छ आला. शेजारच्या घरातून त्या दिवशी आवाज आला नाही, आणि त्यानंतरही दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात शहरानं काटकसर सुरू केली. बंद झालेल्या पहिल्या सहा मार्गांत चौदा नंबर होता. लुशस आठवड्यातून तीनदा त्याच बसनं डायलिसिसला जायचा. महिनाभर त्यानं कुणाकुणाच्या गाड्या मागून दिवस काढले, मग रेनीटा त्याला आपल्या घरी घेऊन गेली. सामान भरून झाल्यावर त्यानं अर्लीनचं दार वाजवलं. ती पडद्यामागे उभी होती. त्यानं दुसऱ्यांदा वाजवलं, थोडा थांबला आणि पायऱ्या उतरला.

मार्चमध्ये तो गेल्याचं कळलं.

अर्लीननं दोन दिवस विचार केला आणि मग ती टॅक्सी करून एल्म रिजला गेली. वाटेत तिनं मनाशी वाक्यं जुळवली. माणूस गेल्यावर राग धरून काय करायचं? चूक त्याची होती, पण आयुष्यभराच्या मैत्रीपुढे एक चूक पोटात घालता येते. त्याला माफ करायचं तिनं ठरवलं होतं आणि तसं ठरवल्यावर तिला हलकंही वाटत होतं.

दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं. तळलेलं चिकन, मॅकरोनी, गोड रताळी. रेनीटानं तिच्यासाठी ताट वाढून आणलं आणि स्वतःही शेजारी बसली.

“तुझ्या वडलांवर माझा राग राहिलेला नाही,” अर्लीन म्हणाली. “पोरीच्या गावाचं भलं व्हावं, असं कुठल्या बापाला वाटणार नाही? मी त्याला माफ केलंय, हे तुला सांगायला आले.”

रेनीटानं इकडेतिकडे पाहून खुर्ची जवळ ओढली.

“अर्लीनमावशी, संघ इकडे येणारच नव्हता. आमच्या नगरपालिकेनं संघाच्या मालकांना नकार दिला होता, तुमच्या मतदानाच्या दीड वर्ष आधी. सगळं बंद दाराआड झालं. बाहेर बोललात तर नोकरी जाईल, असं लिहून घेतलं होतं आमच्याकडून. नकाराचं पत्र मीच टाइप केलं होतं.”

अर्लीननं काटा ताटात ठेवला. “लुशसला ठाऊक होतं?”

“त्यांना मीच सांगितलं होतं,” रेनीटा म्हणाली. “‘एकट्या अर्लीनला सांगू का’, म्हणून रोज फोन करायचे. मीच नाही म्हणत राहिले.”