काटा पुढे ठेवा

“आधी काटा खरा करा, आणि मग थोडा खोटा करा,” यज्ञेश म्हणाला.

घाटकोपरच्या त्या अरुंद गाळ्यात सहदेवने डोळ्यावरचे भिंग वर सरकवले. गाड्यांची मीटरे दुरुस्त करण्यात त्याचे निम्मे आयुष्य गेले होते. आत्ता त्याच्यापुढे यज्ञेशच्या वडिलांच्या गाडीचे मीटर उघडे पडले होते. वेगाचा काटा काही महिन्यांपासून मंदावला होता; गाडी साठने धावत असली तरी तो पन्नासच्या आतच रेंगाळत असे.

“खोटा म्हणजे कसा?”

“गाडी पन्नासला असेल तेव्हा काट्याने साठ दाखवायला हवेत.”

“साहेब, मी बिघडलेले काटे सुधारतो. सुधारलेले बिघडवत नाही. उद्या गिऱ्हाईक म्हणेल, सहदेवला काम येत नाही.”

“गिऱ्हाईक मीच आहे ना?”

“गाडी तुम्ही चालवणार?”

यज्ञेश स्टुलावर बसला. हे सारे त्याने घरी इतक्या वेळा उच्चारले होते, की आता त्याच्या आवाजात रागही उरला नव्हता. गाडी अण्णा चालवणार. आईला एक दिवसाआड डायलिसिससाठी मुलुंडहून घाटकोपरच्या रुग्णालयात न्यावे लागे आणि ते काम अण्णांनी दुसऱ्या कोणाला कधी करू दिले नव्हते. ड्रायव्हर ठेवला, तर त्याला त्यांनी चहा पाजून घरी पाठवले. किल्ली लपवली, तर ते जेवायचे थांबले. आणि गेल्या आठवड्यात भांडुपपाशी गाडी दुभाजकाला घासली, तेव्हा आई शेजारीच बसली होती.

“वेगाचं बोललं की म्हणतात, काटा बघ, पन्नासच्या वर गेलोच नाही. माझं ऐकत नाहीत, आईचं ऐकत नाहीत. एका काट्याचंच ऐकतात.”

“मग नेहमीच्या मेकॅनिककडे का नाही गेलात?”

“कुर्ल्याच्या खंडूकडे? दोन्ही गाड्यांचं अण्णाच त्याच्याकडे बघतात, मला वेळ कुठे असतो? त्याच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत अण्णांना कळेल.”

सहदेवने मीटरला लॅपटॉपची वायर जोडली.

“पाचात एक वाढवतो. त्याच्यावर गेलो, तर चालवणाऱ्याला संशय येतो.”

“ह्यानेही जमलं नाही, तर गाडी विकून टाकणार.”

“आणि वडील?”

यज्ञेश स्टुलावरून उठला.

पुढच्या फेरीच्या सकाळी तो आपल्या गाडीतून अण्णांच्या मागोमाग निघाला. हायवेवर लागताच त्याने आईला फोन केला.

“आई, काट्याकडे बघ आणि आकडा सांग. अण्णांना कळू देऊ नकोस.”

“हो गं शकू,” मैत्रिणीचा फोन असल्यासारखे दाखवत जयंतीबाई तत्काळ म्हणाल्या, “भेंडी साठ झाली. अगदी साठ. महागाईने वाट लावली आहे नुसती.”

यज्ञेशने स्वतःच्या मीटरकडे पाहिले. काटा साठवर होता. दोन गाड्यांमधले अंतर ना वाढत होते, ना घटत होते. त्याने पुन्हा विचारले. भेंडी साठच होती.

आईला रुग्णालयाच्या दारात उतरताना पाहून तो तडक सहदेवच्या गाळ्यावर गेला. गाडी इतकी करकचून थांबली, की शेजारचा पंक्चरवाला उठून उभा राहिला.

“काही केलंच नाहीत तुम्ही! त्यांचा साठ, माझाही साठ. मला काय येडा समजलात?”

“मोबाइल लावून तपासलं होतं, तुमच्यासमोर.”

“मग माझे डोळे खोटे?”

“डोळे खरे असतील. आवाज खाली करा,” सहदेव म्हणाला. त्यालाही आता ह्या कामाचा शीण आला होता. “चला, तुमच्या गाडीत बसतो. भांडायचंच आहे, तर आकडे समोर ठेवून भांडू.”

हायवेवर सहदेवने आपल्या मोबाइलवर जीपीएसचा वेग लावून तो काचेपाशी टेकवला. यज्ञेशने दोन टँकरांमधल्या फटीतून गाडी पुढे काढली. सहदेवने दारावरची मूठ घट्ट धरली.

“घरचे बसतात का हो तुमच्या गाडीत?”

“बायको बसते. बोलत नाही फारशी.”

“साठ करा.”

“झाले साठ.”

सहदेवने मोबाइलकडे बोट दाखवले. त्यावर पन्नास होते.

“फॅक्टरीतूनच थोडा पुढे असतो ना काटा?”

“थोडा. इतका नाही. नव्वद करा.”

काटा नव्वदवर गेला. मोबाइलवर पंचाहत्तर होते.

“पाचात एक,” सहदेव म्हणाला. “वडिलांच्या मीटरचं काम मी केलं ते असंच. हे कोणी केलं?”

“माझं मीटर कोणी कधी उघडलेलंच नाही.”

“उघडलंय, साहेब. फॅक्टरी असा हिशेब करत नाही. हे आमच्याच धंद्यातलं माप आहे.”

यज्ञेशने एक हात स्टीअरिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने फोन लावला. रुग्णालयातल्या यंत्राची संथ टकटक ऐकू आली, मग आईचा थकलेला आवाज.

“आई, माझ्या गाडीच्या मीटरला कोणी हात लावला होता?”

“अहो,” जयंतीबाई बाजूला वळून म्हणाल्या, “कळलं हो त्याला.”

“चालवता चालवता बोलत असेल,” अण्णांचा आवाज आला. “त्याला म्हणावं, आधी गाडी बाजूला घे.”