नव्या कर्नलची चाचणी

मशीनवाल्याची करंगळी मोडली तेव्हा आवाज फारसा आला नाही. ओली काडी मोडावी तेवढाच.

"नऊ राहिली," पुतण्या म्हणाला. "टायपिंगला किती लागतात?"

"सवयीवर आहे, साहेब," असं म्हणून मशीनवाला कचऱ्याच्या डब्यात ओकला.

गोदामातले कॅमेरे आणि पोलादी दरवाजे सगळे या ऑफिसातल्या मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालत. पुतण्याने दरवाज्यांना नवी कुलपं बसवली होती आणि ती मशीनला जुमानत नव्हती. म्हणून नवा कर्नल हवा होता. कर्नल म्हणजे मशीनचा गाभा. डिस्क असो, पडदा असो, हुकूम त्याचाच. करंगळी मोडायचं कारण एवढंच, की मशीनवाला आधी जुना कर्नल पुसायला तयार नव्हता.

"नवा बिघडला तर मशीन जुन्यावर परत येतं, साहेब. जुना पुसला तर परत यायला जागाच उरत नाही. मी फोनवरही हेच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," दाराशी उभा असलेला पैलवान म्हणाला.

फोन त्यानेच घेतला होता. 'नवा कर्नल नीट चालतोय याची खात्री होईपर्यंत जुन्याला हात लावू नका,' हे वाक्य त्याने मशीनवाल्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं होतं. एवढा आडदांड गडी इतकं मन लावून ऐकतो, याचं मशीनवाल्याला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

पुतण्या हसला. "माझ्या काकालाही सगळे कर्नलच म्हणायचे. मिशीमुळे. जन्मात फौजेचं फाटक पाहिलं नव्हतं त्याने. मागच्या आठवड्यात तोही पुसला, या पैलवानाने. काय रे?"

"तुम्ही सांगितलंत त्याच दिवशी कामाला लागलो, साहेब."

"बघ! काही अडलं का त्याच्यावाचून?"

खिडकीबाहेर ट्रक ओळीने उभे होते. एकही हलत नव्हता. गादीवर बसताच पुतण्याने काकाच्या सगळ्या ड्रायव्हरांना पाइपने झोडपून हाकललं होतं. एकाची चप्पल अजून चिखलात उलटी पडली होती. काही अडलंय, असं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

"बरं, घे तुझ्या मनासारखं," पुतण्या म्हणाला. "नवा चालला की जुना पुसायचा. नाही चालला तर पैलवान तुला पुसेल."

पैलवान चहा घेऊन आला. माणसं तीन, कप चार. चौथा घेऊन तो मागच्या स्टोअररूमकडे गेला. अंगापिंडाने मोठा माणूस, दोन कप लागत असतील, असं मशीनवाल्याला वाटलं. मरणाच्या दारातही माणसाला असलं काहीतरी सुचतंच.

नव्या कर्नलमध्ये काय काय घ्यायचं ते पडद्यावर सरकू लागलं.

"हे कोण सगळे?"

"ड्रायव्हर, साहेब. मशीनच्या एकेका भागाला चालवणारा एकेक."

"इथेही ड्रायव्हर? एवढे पोसायचे कशाला?" पुतण्याने कीबोर्ड ओढला आणि ज्याचं नाव कळेना त्याला 'नाही' ठोकत सुटला.

"साहेब, त्यातला एक डिस्कचा..."

पिस्तुलाचा दस्ता कानशिलावर बसला आणि वाक्य तिथेच संपलं. मशीनवाल्याने कीबोर्डवर ठिबकलेलं रक्त बाहीने पुसलं आणि उरलेल्या यादीतून नवा कर्नल बनवायला, म्हणजे कंपाइल करायला, निमूटपणे लावला.

दुपार कलली तेव्हा मशीन नव्या कर्नलवर सुरू झालं. अक्षरं भराभर वर सरकली आणि थबकली. नव्या कर्नलला डिस्कच सापडेना. तळाच्या ओळीतला एक शब्द पुतण्यालाही वाचता आला: पॅनिक.

त्याने पिस्तूल मशीनवाल्याच्या कपाळाला टेकवलं. मग अंगातल्या पांढऱ्याशुभ्र शर्टाकडे पाहून मागे सरकला.

"पैलवान, आटप."

पैलवान पाइप घेऊन पुढे आला. त्याने पडद्याकडे पाहिलं. खिडकीबाहेरच्या ट्रकांकडे पाहिलं.

"मास्तर, नवा चालला नाही ना?"

"नाही." मशीनवाल्याने डोळे मिटून घेतले.

"मग आता?"

"आता... जुन्यावर यायचं," तो सवयीने पुटपुटला.

पाइप फिरला. कवटीचा आवाज करंगळीपेक्षा बराच मोठा झाला. दुखलं मात्र नाही.

मशीनवाल्याने डोळे उघडले. पुतण्या टेबलाखाली पडला होता आणि शर्ट आता पांढरा नव्हता. पैलवान गळ्यातल्या किल्लीने स्टोअररूमचं कुलूप काढत होता. दार उघडून तो अदबीने बाजूला झाला.

"या, कर्नल."