साहेब, दोन पानांत

कागद मास्तरांच्या पिशवीत सापडले. साहेब चष्मा शोधत होते. चष्मा पिशवीत होता, आणि चष्म्याच्या डबीखाली दोन छापील पानं होती. वर साहेबांचा फोटो, तोही केस काळे असतानाचा.

मास्तर औषधं आणायला खाली गेले होते. पूर्वी शाळेत शिकवायचे म्हणून मास्तर. गेली सव्वीस वर्षं साहेबांची भाषणं लिहीत होते. साहेब दवाखान्याच्या पलंगावर बसून वाचू लागले. चार वेळा निवडून आले, दोनदा मंत्री झाले, एकदा पक्ष बदलला. पक्ष बदलण्याला मास्तरांनी ‘वैचारिक प्रवास’ म्हटलं होतं. साहेबांना ते आवडलं. पुढे पूल आला, मुलींचं वसतिगृह आलं. वसतिगृहाचा अजून पायाही खणला नव्हता, पण वाचताना बरं वाटत होतं. मग शेवटची ओळ आली.

‘त्यांच्या मागे पत्नी, मुलगा, सून आणि दोन नाती असा परिवार आहे. त्यांचं अपुरं काम त्यांचा मुलगा समर्थपणे पुढे नेईल.’

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. हृदयाची छोटीशी शस्त्रक्रिया झाली होती, कालपासून ते चालतही होते, उद्या घरी सोडणार होते. आणि आज पाच वाजता पक्षाची उमेदवारांची यादी लागणार होती.

मास्तर आले. साहेबांच्या हातातली पानं बघून दारातच थांबले.

“पासष्टी ओलांडली की पेपरवाले असा लेख आधीच मागून ठेवतात, साहेब. सगळ्यांचाच.”

“हा पेपरवाल्यांनी मागितला?”

मास्तर औषधांवरच्या तारखा वाचायला लागले.

“मास्तर, मी कधी तुमच्यावर आवाज चढवलाय?”

“पुष्कळदा, साहेब.”

“मग आता चढवायच्या आत सांगा.”

“दादांनी लिहून घेतला. परवा, तुम्हाला आत नेलं तेव्हा. एक प्रत सकाळी पक्षाच्या कार्यालयात गेलीय.”

दादा म्हणजे साहेबांचा एकुलता एक मुलगा. साहेबांनी पहिलं पान पुन्हा वर घेतलं.

“सुरुवात ओळखीची वाटतेय.”

“तीच आहे, साहेब. अण्णांच्या वेळी तुम्ही लिहून घेतली होती ती.”

अण्णांनी साहेबांना बोट धरून राजकारणात आणलं होतं. अण्णा हर्नियासाठी दवाखान्यात गेले, तेव्हा साहेब अशीच दोन पानं घेऊन, डोळे ओले करून कार्यालयात पोचले होते. आठव्या दिवशी अण्णा ठणठणीत होऊन घरी आले. तोवर त्यांच्या जागेवर साहेबांचा अर्ज भरून झाला होता, आणि मास्तरांची नोकरीही पक्की झाली होती.

“माझा फोन कुठाय?”

“दादांकडे. डॉक्टर म्हणाले, आराम हवा.”

“डॉक्टर म्हणाले?”

“म्हणजे... दादा म्हणाले, की डॉक्टर म्हणाले.”

साहेबांच्या मनात पाल चुकचुकली ती थांबेना. खोली वरच्या मजल्यावर कुणी घेतली? लोकांना अंगणातच कुणी थांबवून ठेवलं? काल बायको उशाशी बसून ‘आता पुरे झालं हो’ म्हणाली होती. तिलाही ठाऊक असेल? साहेबांना भीती वाटली. मरणाची नव्हे, पत्ता कापला जाण्याची.

“माझा सदरा द्या.”

“साहेब, टाके आहेत.”

“सदरा द्या म्हणतो ना! गच्चीत उभा राहतो. आपली माणसं आहेत खाली. एकदा घोषणा उठली की दहाजण फोनवर टिपतील, पाच मिनिटांत कार्यालयात कळेल मी कसा आहे ते.”

गुंड्या मास्तरांनी लावल्या. केस साहेबांनी स्वतः विंचरले. चार वाजून चाळीस मिनिटांनी ते गच्चीच्या कठड्याशी आले.

खाली दोनेकशे माणसं होती. एकूणएक ओळखीची. कुणाच्या पोराला नोकरीला चिकटवलं होतं, कुणाची बदली थांबवली होती. मधोमध दादा उभा होता, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. लोक त्याचे हात हातात घेऊन काहीतरी हळू आवाजात बोलत होते, आणि तो मान हलवत होता.

साहेबांनी सभेत करायचे तसा उजवा हात पूर्ण वर केला. कुणीतरी बघितलं, शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं, आणि बघता बघता सगळं अंगण वर बघायला लागलं.

पहिली घोषणा नेहमी पुलाच्या ठेकेदाराची असायची. त्याचा आवाज भोंग्याशिवाय चौकभर जायचा. त्यानं वर पाहिलं, मूठ आवळली, तोंडही उघडलं.

मग मूठ तशीच ठेवून त्यानं दादाकडे पाहिलं. त्याच्या पाठोपाठ सगळ्यांनीच दादाकडे पाहिलं.