अर्थिंगची तार

"आज माझी पुन्हा शोभा होणार," म्हणत निवृत्त तंत्रज्ञ साळवीकाका रेडिओ केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये शिरले. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या हातून अर्थिंगची तार सैल राहिली होती आणि अख्खा शेतीविषयक कार्यक्रम घरघरीसकट हवेत गेला होता. तोच कार्यक्रम वीस प्रकाशवर्षांवरच्या धुळीच्या ढगावर आपटून आज परत यायचा होता. अशी परतलेली प्रसारणं टिपायची, ही मृदुलाची नवी नोकरी. "या लाइनीत आता उरलंय कोण?" म्हणून आईने नाक मुरडलं होतं.

बरोबर साडेसहाला निवेदकाचा आवाज आला. स्वच्छ, खणखणीत.

"फिल्टर काढ गं. माझी लाज राखू नकोस," काका म्हणाले.

"लावलेलाच नाही, काका!"

तिने सगळ्या जोडण्या दोनदा तपासल्या. निवेदक तोच होता, मधला त्याचा खोकलाही तोच. घरघर तेवढी गेली होती. धुळीच्या ढगाला काही घरघर काढता येत नाही.

काकांनी स्पीकरला कान लावला. "पोरी, तिकडून कुणीतरी हे दुरुस्त करून पाठवलंय."

मृदुलाने झडप घालून फोन उचलला. "आई," ती ओरडलीच, "या लाइनीत आणखी कुणीतरी आहे!"