तिच्या नावाची भांडी

"हा तांब्याही मोडीत घालायचा," मी म्हणाले. यांनी नुसती मान हलवली. दोन खोल्यांच्या नव्या घरात एकच फडताळ होतं, आणि मला आयतंच निमित्त मिळालं होतं.

यांच्या पहिल्या बायकोच्या माघारी मी या घरात आले, तर भांड्याभांड्यावर तिचंच नाव कोरलेलं: सौ. प्रमिला. जन्मभर मी तिच्या पातेल्यात दूध तापवलं. माझं नाव साध्या चमच्यावरही नाही! यांनी मात्र तिचं नाव माझ्यासमोर कधी तोंडातून काढलं नाही.

सगळी भांडी मोडीत गेली. सुटले एकदाची!

नव्या घरात पहिल्या सकाळी कोऱ्या पातेल्यात चहा उकळत होता. बाहेरच्या खोलीतून यांनी हाक मारली,

"प्रमिला, झाला का गं चहा?"