शांघायचा शर्ट

१९७५ सालच्या हिवाळ्यात शोउगन शांघायच्या एका कापड दुकानात उभा राहून पांढरा शर्ट बघत होता. बघायला पैसे पडत नव्हते, म्हणून बराच वेळ बघत होता. कारखान्याने त्याला यंत्राचे सुटे भाग आणायला पाठवलं होतं. भाग केव्हाच मिळाले होते. अडलं होतं ते सासऱ्याला न्यायच्या भेटीपाशी. सासरा अजून झालेला नव्हता. होणार की नाही, ते ह्या भेटीवरच होतं.

उत्तरेकडच्या आमच्या गावात शांघायहून परतलेल्या माणसाचं तोंड कोणी बघत नसे, पिशवी बघत. निघताना लु काकांची मुलगी सुमेइ म्हणाली होती, "बाबांना शांघायचा शर्ट आण. फंग मामांच्या गळ्याशी तसला बघून ते कधीचे जळतायत." शोउगन छाती काढून म्हणाला होता, "त्यात काय!"

त्यात काय ते आता कळत होतं. एका शर्टाला रेशनच्या कापडाची जेवढी कुपनं लागत, तेवढ्यात त्याच्या आईने अख्ख्या घराला कपडे शिवले असते.

"घ्यायचाय, की नजर लावायचीय?" विक्रेतीने विचारलं.

"जरा स्वस्तातलं काही..."

तिने खणातून एक पुडकं काढून फळीवर टाकलं. आत नुसती कॉलर होती. पुढे छातीपुरतं कापड, वरच्या गुंड्या, काखेखालून घ्यायच्या नाड्या. बाह्या नाहीत, पोट नाही, पाठ असून नसल्यासारखी. "वरून स्वेटर चढवायचा," ती म्हणाली. "आत काय आहे ते कोणाच्या बापाला कळत नाही. अर्धं शांघाय हेच घालून मिरवतंय."

शोउगनने दोन घेतल्या. एक लु काकांना, एक स्वतःला. परतीच्या गाडीत तो स्वतःची समजूत घालत राहिला. शर्टात लोक बघतात काय? कॉलरच ना? बाकी सगळं नुसतं कापड. गाव जवळ येईपर्यंत त्याला वाटू लागलं, की आपण शर्टातला गाभा तेवढा निवडून आणला आहे.

पहिल्यांदा घरी येणाऱ्या जावयाला आमच्याकडे खांगच्या गरम टोकाला बसवतात. खालून चुलीची धग फिरणारा तो विटांचा ओटा. चुलीकडची जागा मानाची. त्या दिवशी लु काकूंनी मान जरा जास्तच पेटवला होता. फंग मामा आपणहून खिडकीपाशी, गार टोकाला बसले. काकूंचे ते थोरले भाऊ, सहकारी दुकानात वरच्या जागेवर. त्यांच्याकडे पेटीभर शांघायचे शर्ट होते, असं ते स्वतःच सांगत. राखाडी स्वेटरातून त्यांची शुभ्र कॉलर नेहमीसारखी डोकावत होती. त्यांनी नाक मुरडलं, की घरातलं लग्न मोडे.

स्वतःचीही कॉलर स्वेटरावर मिरवत शोउगनने दोन्ही हातांनी लु काकांना पुडकं दिलं. आणणाऱ्यासमोर भेट उघडायची आमच्यात रीत नाही. त्याची सगळी भिस्त त्या रीतीवर होती.

"अहो दाजी, शांघायचा माल आहे!" मामा म्हणाले. "घालून या, बघू तरी!"

लु काका आतल्या खोलीत गेले. शोउगनने ज्वारीच्या दारूचा घोट घेतला. वरून दारू उतरली, खालून धग चढली, आणि दोघींची पोटात गाठ पडली.

काका बाहेर आले. अंगात स्वेटर, वर पांढरी कॉलर, चेहऱ्यावर काहीच नाही. "मापाला बरोबर आहे," एवढंच म्हणून ते शोउगनशेजारी बसले.

आंबवलेल्या कोबीचं आणि डुकराच्या मांसाचं पातेलं मध्ये आलं. वाफेत माणसं दिसेनाशी झाली.

"स्वेटर काढा की दाजी. बाह्या कशा बसल्यात बघू."

"थंडी वाजतेय मला," काका म्हणाले. त्यांच्या नाकावरचा घाम वाटीत पडला.

"थंडी? बरं, जावईबापू, तुम्ही काढा. भाजून निघाल तिथे."

"मला पण जरा... हुडहुडी भरलीय," शोउगन म्हणाला.

लु काकांनी मान वळवली. शोउगनची कॉलर पाहिली. तीच शिवण, त्याच गुंड्या. मग त्याचा बीटासारखा झालेला चेहरा पाहिला. सुमेइची पळी पातेल्यावर तशीच राहिली.

"काढा की दोघंही!" काकूंना उत्साह आला. "दादा, तुझाही काढ. तिन्ही शेजारी धरून बघू, कुठला सरस आहे ते."

"जेवा आता," मामा म्हणाले. "कोबी गार होतोय."

काकांनी शोउगनचा पेला काठोकाठ भरला. "पोराने स्वतःला घेतलं तेच मला आणलं," ते म्हणाले. "मुलगी द्यायला माझी हरकत नाही." सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी नाक मुरडलं नाही. ते वाटीत डोकं घालून जेवत होते.

वसंतात लग्न झालं. शोउगन पुढे कारखान्याचा खरेदी अधिकारी झाला आणि शांघायहून सासऱ्यासाठी अख्खे शर्ट आणू लागला. लु काकांनी ते जपून ठेवले आणि विरेपर्यंत कॉलरच वापरली. म्हणत, अख्ख्या शर्टात गुदमरायला होतं. त्या दिवशी चूल जास्त झाली नव्हती, हे लु काकू शेवटपर्यंत सांगत राहिल्या. सुमेइ आता आजी आहे. कॉलरी धुऊन शेजाऱ्यांना दिसणार नाहीत अशा घरातच वाळवायची तिची सवय गेली, कारण आता वाळवायला कॉलरी नाहीत.

फंग मामा गेले, तेव्हा कोणाला हात लावू न दिलेली त्यांची ती पेटी सुमेइने उघडली. आत धुतलेल्या, इस्त्री केलेल्या कॉलरी होत्या, एकीवर एक, झाकणापर्यंत. शर्ट एकही नव्हता.